टिळकांचे हिमयुग आणि समुद्रतळाची पोथी

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळ, सागरेश्वर नावाचे प्राचीन देवस्थान आहे. नावात सागर आहे. समुद्र मात्र सह्याद्रीपलीकडे, घाट उतरून गेल्यावर भेटतो. पायाखालचा खडक पाहावा तर तो काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेला लाव्हा थंड होऊन त्याचे थरावर थर साचले आणि हा मुलूख घडला. त्या थरांत सागरी गाळाचा कण सापडत नाही. म्हणजे एकाच ठिकाणी शब्द एक सांगतो आणि दगड दुसरेच सांगतो. आम्हा भाषेच्या अभ्यासकांचा ओढा स्वाभाविकपणे शब्दाकडे असतो. शब्दात काहीतरी जुनी आठवण दडलेली असणार, अशी आमची श्रद्धा असते. पण ती आठवण भूगोलाची आहे, की भक्तीची, की केवळ कल्पनेची, हे शब्द स्वतः सांगत नाही. त्यासाठी दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो.

सागरेश्वराच्या बाबतीत हा प्रश्न लहान आहे आणि त्यावर कुणाचे काही अडलेले नाही. परंतु हाच प्रश्न एका मराठी पुरुषाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विलक्षण मोठ्या पटावर मांडला होता. बाळ गंगाधर टिळकांचा 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या आणि संस्कृतच्या वर्गांत त्याचा उल्लेख वारंवार होतो, वाचन फार क्वचित होते. उल्लेख करणाऱ्यांचे साधारण दोन पक्ष पडतात. एका पक्षाला तो ग्रंथ म्हणजे वेदांत सर्व विज्ञान असल्याचा दाखला वाटतो. दुसऱ्या पक्षाला ती एका थोर पुरुषाची, सौजन्याने दुर्लक्षावी अशी लहर वाटते. आमच्या मते दोन्ही पक्षांनी ग्रंथाचे दुसरे प्रकरण नीट वाचलेले नसते. ते प्रकरण वेदांवर नाही. ते हिमयुगावर आहे.

टिळकांच्या युक्तिवादाची बांधणी वकिली शिस्तीची आहे. १८९३ च्या 'ओरायन'मध्ये त्यांनी नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ मागे नेला होता. १८९७-९८ च्या कारावासात ऋग्वेदाचे पुन्हा वाचन करताना त्यांच्या मनात पुढचा विचार आकाराला आला. उषेची सूक्ते त्यांना खटकत होती. भारतातील उषा घटका-दोन घटकांची. तिच्यासाठी इतकी सूक्ते, तिच्या लांबण्याची इतकी काळजी, रात्र कधी संपेल याचे इतके भय कशासाठी? तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा उल्लेख आहे. देवांचा दिवस आणि देवांची रात्र सहा-सहा महिन्यांची, ही कल्पना आहे. दहा महिन्यांचे यज्ञसत्र आहे. अवेस्तामध्ये अहुर मज्द यिमाला येऊ घातलेल्या भीषण हिवाळ्याची सूचना देतो. ही सारी वर्णने ध्रुवाजवळच्या आकाशाला लागू पडतात, असे टिळकांना दिसले. बॉस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ साली मानवजातीचे मूळ स्थान उत्तर ध्रुवावर कल्पिले होते. तो ग्रंथही त्यांच्यासमोर होता.

पण येथे एक अडचण होती आणि टिळक ती लपवीत नाहीत. ध्रुवप्रदेश तर बर्फाने झाकलेला. तेथे माणूस राहणार कसा, आणि सूक्ते रचणार कधी? त्यावर वेदांत उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी भूविज्ञानाला साक्षीस बोलावले. हिमयुग एकच नव्हते, दोन हिमकाळांच्या मध्ये उबदार काळ होता आणि त्या आंतरहिमानी काळात उत्तरेकडील हवामान सौम्य होते, असे तत्कालीन भूवैज्ञानिक म्हणत होते. टिळकांनी निष्कर्ष काढला, की त्या उबदार काळात आर्यांचे पूर्वज उत्तरेत राहत होते. पुढे शेवटच्या हिमयुगाने ते घर उद्ध्वस्त केले आणि लोक दक्षिणेकडे निघाले. हा विनाश आणि हिमोत्तर काळाचा आरंभ त्यांनी इसवी सनापूर्वी सुमारे दहा ते आठ हजार वर्षे या सुमारास ठेवला.

म्हणजे सगळ्या ग्रंथाची मदार एका प्रश्नावर येऊन ठेपली: बर्फ कधी आले आणि कधी मागे हटले? १९०३ साली त्या प्रश्नाची दोन उत्तरे उपलब्ध होती, आणि त्यांत फार मोठे अंतर होते.

पहिले उत्तर जेम्स क्रोल या स्कॉटिश गृहस्थाचे. ग्लासगोतील एका संग्रहालयात रखवालदाराचे काम करता करता तेथील ग्रंथालयाच्या आधारे या माणसाने खगोलशास्त्र आणि पदार्थविज्ञान आत्मसात केले. पृथ्वीची सूर्याभोवतीची कक्षा कधी अधिक लांबट होते, कधी वर्तुळाजवळ येते; तिच्या अक्षाची दिशा हळूहळू फिरते. या बदलांमुळे हिमयुगे येतात, असे त्याने १८७५ च्या ग्रंथात मांडले. त्याच्या गणितानुसार शेवटचे हिमयुग सुमारे ८० हजार वर्षांपूर्वी संपले. दुसरे उत्तर अमेरिकन भूवैज्ञानिकांचे. नायगारा धबधबा खडक कापत दरसाल थोडा मागे सरकतो. त्याने कापलेल्या घळीची लांबी मोजली, मागे सरकण्याची गती मोजली आणि भागाकार केला, की बर्फ हटून ती नदी वाहू लागल्याला किती वर्षे झाली ते निघते. उत्तर आले सात ते दहा हजार वर्षे. टिळकांनी अमेरिकन मत स्वीकारले. ऐंशी हजार वर्षे मानली तर वेदांतील आठवण इतका काळ टिकली असे म्हणणे अवघड होते. दहा हजार वर्षांत ते शक्य कोटीत येत होते. निवड सोयीची होती, तरी त्या वेळच्या पुराव्यात ती निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

टिळकांच्या काळच्या भूविज्ञानाची खरी मर्यादा वेगळीच होती. ते सारे जमिनीवर उभे राहून लिहिलेले होते. आणि जमीन ही हिमयुगाच्या बाबतीत धूळपाटीसारखी असते. हिमस्तर पुढे सरकतो तेव्हा तो आपल्याआधीच्या हिमस्तराने टाकलेले दगडगोटे, माती, ओरखडे, सगळे खरवडून नेतो. पाटीवर शेवटचे अक्षर तेवढे उरते. आल्प्स पर्वतात काम करणाऱ्या पेंक आणि ब्रुकनर यांनी १९०९ साली चार हिमकाळ मोजले आणि पुढे निम्मे शतक जगभरच्या पाठ्यपुस्तकांत चार हाच आकडा घोकला गेला. पुसलेल्या अक्षरांची मोजदाद करण्याचा मार्ग कुणाजवळ नव्हता.

क्वचित एखादे अक्षर पुसायचे राहून जाते. असे एक महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात चुनखडकाच्या सपाट पृष्ठभागावर समांतर ओरखडे उमटलेले आहेत आणि त्यांवर लहानमोठ्या गोट्यांचा मिश्र थर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ओरिसातील तालचेर येथील तशाच थरांचा अर्थ ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच बर्फाशी जोडला होता. ज्या चंद्रपूरचा उन्हाळा मराठी माणसाच्या बोलण्यात दाखल्यासारखा येतो, तेथे सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हिमनद्या सरकत होत्या. त्या वेळी हा भूभाग अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाशी जोडलेला, दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. पुढची हकीकत छत्तीसगढमधील मनेंद्रगड येथे वाचायला मिळते. हसदेव नदीच्या काठी, बर्फाने टाकलेल्या थरांच्या लगत, समुद्रात राहणाऱ्या शिंपल्यांचे जीवाश्म १९५४ साली आढळले. समुद्रापासून इतक्या आत समुद्र आला कसा? बर्फ वितळले, सागरपातळी वाढली आणि समुद्राची एक जीभ खंडाच्या पोटात शिरली, असा त्याचा अर्थ लावला जातो. हिमाचे जाणे समुद्राच्या गाळात नोंदले जाते, या सूत्राचे हे आपल्या भूमीवरचे उदाहरण. सागरेश्वराच्या खडकात नसलेली समुद्राची सही मनेंद्रगडच्या खडकात आहे.

तरीही अशी उदाहरणे म्हणजे सुटी पाने. सलग पोथी हवी असेल तर जेथे कुणी खरवडत नाही, जेथे शांतपणे कणावर कण साचत राहतात, अशी जागा हवी. ती जागा म्हणजे खोल समुद्राचा तळ. तेथे हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. मृत सूक्ष्मजीवांची कवचे, वाऱ्याने आणलेली धूळ, नद्यांची माती, हिमनगांनी टाकलेले खडे, सगळे क्रमाने एकावर एक. १९४७-४८ च्या स्वीडिश 'अल्बाट्रॉस' मोहिमेत कुलेनबर्ग यांनी तयार केलेल्या दट्ट्याच्या नळीने या गाळाचे अनेक मीटर लांबीचे सलग गाभे प्रथम हाती आले. नळी तळात खुपसायची, वर ओढायची, उभी चिरायची. वरचे टोक आजचे, खालचे टोक काही लाख वर्षांपूर्वीचे.

पण पान हाती आले तरी लिपी यायला हवी. ती लिपी रसायनशास्त्राने दिली. समुद्राच्या पाण्यात दोन प्रकारचा ऑक्सिजन प्रामुख्याने असतो: हलका ऑक्सिजन-१६ आणि किंचित जड ऑक्सिजन-१८. वाफ होताना हलका प्रकार अधिक सहज निघून जातो. एरवी तो पावसावाटे नद्यांतून समुद्रात परत येतो. परंतु हिमकाळात ती वाफ ध्रुवप्रदेशात बर्फ होऊन पडते आणि तेथेच अडकून राहते. मग समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. फोरॅमिनिफेरा नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव त्या पाण्यातूनच आपले चुनखडी कवच बांधतात आणि मेल्यावर तळाशी बसतात. कवचातील दोन ऑक्सिजनांचे गुणोत्तर मोजले, की त्या काळी जगात किती बर्फ होते याचा अंदाज येतो. १९५५ साली चेझारे एमिलिआनी यांनी कॅरिबियन आणि अटलांटिकमधील गाभ्यांवर हे मापन करून दाखविले. आल्प्सच्या चार हिमकाळांच्या हिशेबात न मावणारी आवर्तने त्यात उघड दिसत होती. एमिलिआनी यांनी या चढउतारांत मुख्यतः पाण्याचे तापमान वाचले. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखविले, की त्यात मुख्य वाटा बर्फाच्या साठ्याचा आहे. एकाच पाठाचे दोन अन्वयार्थ आणि त्यांतील सरस अन्वयार्थाची निवड, हा प्रकार आपल्याला परका नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या पुढची गोष्ट पाठचिकित्सेच्या अंगाने पाहावी, असे आम्ही सुचवू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरच्या हस्तलिखितांची तुलना करून, लेखकांचे प्रमाद आणि प्रक्षेप बाजूला काढून, जुन्यात जुना पाठ निश्चित करण्याचा तो उद्योग होता. समुद्रगाळाच्या अभ्यासकांपुढे तशाच अडचणी असतात. तळातील किडे गाळ उकरून वरचे कण खाली आणि खालचे वर करतात, तो लेखनप्रमाद. समुद्रांतर्गत प्रवाह एखादा थर वाहून नेतात. ती गहाळ पाने. उतारावरून घसरलेला गाळ मध्येच येऊन बसतो, तो प्रक्षेप. शिवाय काळ ठरवायला पुष्पिका लागते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सुमारे ७ लाख ७५ हजार वर्षांपूर्वी उलटली. त्या पलटीची खूण जगभरच्या गाळात मिळते आणि ती पुष्पिकेचे काम करते. २००५ साली लॉरेन लिसिएकी आणि मॉरीन रेमो यांनी जगातील ५७ ठिकाणच्या नोंदी जुळवून ५३ लाख वर्षांचा एक सामायिक आलेख प्रसिद्ध केला. ही समुद्रतळाच्या पोथीची चिकित्सक आवृत्तीच म्हणायची. तिच्यात हिमकाळ चार नाहीत; डझनांनी मोजावे लागतील इतके आहेत.

आणि क्रोल? त्याचा न्याय हिंदी महासागराने केला. दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाभ्यांमधील साडेचार लाख वर्षांची नोंद तपासून हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली दाखविले, की बर्फाचे चढउतार सुमारे एक लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांच्या तालावर होतात. हे तेच ताल, जे सर्बियाचे मिलुतिन मिलांकोविच यांनी पृथ्वीच्या कक्षेच्या व अक्षाच्या गणितातून काढले होते आणि ज्यांची मूळ कल्पना क्रोलची होती. क्रोलचे वर्ष चुकले होते, कारण बरोबर होते. अमेरिकनांच्या नायगाऱ्याचे वर्ष बरेच जवळ होते, पण त्यात कारण नव्हतेच. टिळकांनी वर्षाची बाजू घेतली. आज हिमोत्तर काळाचा आरंभ सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीचा मानला जातो; टिळकांनी दिलेल्या मर्यादांच्या जुन्या टोकाशी तो येऊन भिडतो. १९०३ च्या साधनांनी हे साधले, ही साधी गोष्ट नव्हे.

मग टिळकांचे उत्तरेतील घर खरे ठरले काय? येथे समुद्रतळाची पोथी अधिक बारकाईने वाचावी लागते. ऑक्सिजनचे गुणोत्तर जगातील एकूण बर्फ सांगते. कोणत्या हिमस्तराने किती माघार घेतली, ते सांगत नाही. त्यासाठी अभ्यासक गाळातील इतर खुणा पाहतात. हिमनग वितळताना त्याच्या पोटातील खडे तळाशी पडतात. खोल समुद्राच्या मऊ चिखलात एखादा टोकदार खडा सापडला, की तो बर्फावर बसून आला असे समजायचे. १९८८ साली हार्टमुट हाइनरिख यांनी उत्तर अटलांटिकमधील अशा खड्यांचे पट्टे ओळखले. बारीक चिखलाचे मूळ गावही सांगता येते. प्रत्येक खडकात स्ट्राँशियम, निओडिमियम, शिसे यांच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. हिमस्तर ज्या खडकावर बसून तो दळतो, त्याचे पीठ समुद्रात जाते. जात्यातून पीठ येणे थांबले, की जाते थांबले असे समजावे, तसा हा तर्क आहे.

ग्रीनलंडच्या दक्षिणेस एरिक ड्रिफ्ट नावाचा गाळाचा मोठा संचय आहे. सुमारे चार लाख वर्षांपूर्वी एक दीर्घ उबदार काळ होऊन गेला. २००८ साली आन द व्हेर्नाल आणि क्लोद इलेर-मार्सेल यांनी तेथील गाळातील परागकण तपासले, तेव्हा त्या काळच्या थरांत स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे पराग मुबलक आढळले. २०१४ मध्ये आल्बेर्तो रेयेस आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की त्याच काळात दक्षिण ग्रीनलंडच्या खडकाचे 'पीठ' समुद्रात येणे जवळजवळ बंद पडले होते. दोन्ही साक्षी एकच सांगतात: दक्षिण ग्रीनलंड तेव्हा बहुतांशी बर्फमुक्त होते आणि तेथे अरण्य होते. त्याहून पुष्कळ मागे गेले तर आणखी नवल दिसते. २००४ साली उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव कड्यावर खोदकाम झाले, तेव्हा सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या गाळात अझोला या तरंगत्या शेवाळवजा नेच्याचे थर निघाले. कडेगाव परिसरात जनावरांना खुराक म्हणून हौदात वाढवतात, त्याच कुळातील ही वनस्पती. आर्क्टिक समुद्राच्या पृष्ठभागी त्या काळी गोड्या पाण्यावर ती पसरलेली होती.

उत्तरेत उबदार काळ होते, हे टिळकांचे म्हणणे समुद्रतळाने असे भरघोस मान्य केले. पण त्याच पोथीने त्यांचा दुवा तोडलाही. शेवटचा आंतरहिमानी काळ सुमारे १ लाख २९ हजार ते १ लाख १६ हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्यानंतर बर्फ वाढत गेले, सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी ते परमावधीला पोहोचले आणि मग ओसरले. टिळकांना हवा असलेला क्रम असा होता: उबदार घर, बर्फाची आपत्ती, स्थलांतर, आणि हे सर्व दहा-बारा हजार वर्षांच्या आसपास. गाळ सांगतो, की त्या सुमारास बर्फ येत नव्हते, जात होते. उबदार घर शोधायचे तर लाखभर वर्षे मागे जावे लागते, आणि तेथे वैदिक भाषेचा तर नाहीच, पण तिच्या कोणत्याही ज्ञात पूर्वजाचा मागमूस नाही. तुलनात्मक भाषाविज्ञान त्या भाषाकुलाला काही हजार वर्षांपलीकडे नेत नाही. गमतीचा भाग असा, की आर्क्टिकमध्ये माणूस राहिला होता, पण कडाक्याच्या थंडीत: सायबेरियातील याना नदीकाठी सुमारे ३१ हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. वसंताची वाट न पाहता माणूस तेथे पोहोचला. त्याची भाषा कोणती, हे गाळ सांगत नाही आणि सांगणारही नाही.

ही शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक साक्षीदाराचा अधिकार ठरलेला असतो. गाळ बर्फाविषयी, पाण्याविषयी, वनस्पतींविषयी बोलतो. सूक्ते भय, आशा आणि प्रतिमा यांविषयी बोलतात. एकाच्या तोंडी दुसऱ्याची साक्ष घातली, की घोटाळा होतो. टिळकांच्या नंतर हा घोटाळा वाढला. ना. भ. पावगी यांनी १९१५ साली आर्यांचे मूळ स्थान सप्तसिंधूत असल्याचे प्रतिपादन केले. १९२१ साली अविनाशचंद्र दास यांनी ऋग्वेदातील समुद्राच्या उल्लेखांना राजपुतान्यातील एका प्राचीन समुद्राशी जोडून ऋग्वेदाचा काळ कितीतरी हजार वर्षे मागे नेला. कोकणात परशुरामाने समुद्र मागे हटवला, या कथेचेही असेच वाचन अधूनमधून होत असते. प्रत्यक्षात हिमोत्तर काळात घडले ते उलट. हिमकाळाच्या परमावधीत सागरपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज जेथे मुंबई हायचे तेलक्षेत्र सुमारे ७५ मीटर पाण्याखाली आहे, तेथे तेव्हा कोरडी जमीन होती. पुढे समुद्र मागे हटला नाही, आत आला. कथेत भूमी मिळते, इतिहासात भूमी बुडाली. म्हणून कथा खोटी ठरत नाही. तिचा विषय सागरपातळी नसून माणसाचा त्या चिंचोळ्या भूमीवरील हक्क आहे, एवढेच ठरते. आणि तो विषय आमच्या शास्त्राचा आहे. तो भूवैज्ञानिकाकडे सोपवून आम्ही आमचेच काम टाळतो.

समुद्रतळाच्या या पोथीत भूतकाळाइतकीच भविष्याचीही चिंता आहे. पूर्व अंटार्क्टिकाचा हिमस्तर अचल आहे, असे पुष्कळ काळ मानले जाई. २०१० साली तेथील विल्क्स खोऱ्यासमोरच्या समुद्रतळातून काढलेल्या गाभ्याने ती समजूत ढळविली. २०१३ मध्ये कॅरिस कुक आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की पन्नास ते तीस लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात तेथील बर्फ खंडाच्या आत वारंवार हटले होते, कारण एरवी बर्फाखाली दडलेल्या खडकाचा चिखल तेव्हा समुद्रात येत होता. २०१८ साली डेव्हिड विल्सन आणि सहकाऱ्यांनी तीच कसोटी गेल्या साडेचार लाख वर्षांना लावली. औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने अंटार्क्टिकावरील हवा किमान दोन अंशांनी उबदार राहिली आणि ती स्थिती अडीच हजार वर्षे किंवा अधिक टिकली, तेव्हा त्या खोऱ्यात बर्फ मागे सरकल्याचे किंवा पातळ झाल्याचे त्यांना आढळले. त्या एका खोऱ्यातील बर्फात जगाची सागरपातळी तीन ते चार मीटर वाढविण्याइतके पाणी आहे. शेवटच्या आंतरहिमानी काळात सागरपातळी आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर उंच होती, हाही याच जातीचा हिशेब. पूर्वीच्या उबदार काळांना कक्षेचा ताल होता, आजच्या उष्म्याला धुराड्यांचा आहे. दोन अंश हा आकडा मात्र सामायिक आहे.

घाटावरच्या माणसाला हे दूरचे वाटेल. तसे ते नाही. कडेगावचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो, आणि सह्याद्री ओलांडताना बराचसा तिकडेच पडून जातो. टेंभू योजनेचे पाणी येण्यापूर्वी या तालुक्याने अनुभवलेली टंचाई हे त्या अंतराचेच फळ होते. अरबी समुद्राच्या तळात या पावसाचीही नोंद आहे. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले, की ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि फोरॅमिनिफेराची एक विशिष्ट जात फोफावते. १९८७ साली तेथे झालेल्या खोदकामातून आणि इतर गाभ्यांतून दिसून आले, की हिमकाळात मोसमी वारे क्षीण आणि हिमोत्तर उबदार काळाच्या आरंभी प्रबळ होते. उत्तरेतील बर्फ आणि येरळेच्या खोऱ्यातील पाऊस हे असे एकाच यंत्रणेचे भाग आहेत. वेदांतील उषा आणि आपला पाऊस यांना जोडणारा धागा टिळकांना ठाऊक नव्हता. पण उत्तरेच्या बर्फाशी आपला संबंध आहे, ही त्यांची जाणीव निराळ्या अर्थाने खरी ठरली.

या विषयावर मराठीत लिहिणे शक्य झाले, यामागेही एक इतिहास आहे. देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांच्या पुढाकाराने १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले, वाईहून मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि १९७६ मध्ये पहिला खंड निघाला. हिमस्तर, हिमोढ, समस्थानिक असे शब्द भूविज्ञानाच्या मराठी नोंदींतून रुळले. टिळकांना आपला ग्रंथ इंग्रजीत लिहावा लागला. वाचक जगभरचा हवा होता हे खरे, पण मराठीत ही परिभाषा तेव्हा पुरेशी नव्हती हेही खरे. आज ती आहे, आणि ती वापरली नाही तर ती पुन्हा कोशातच राहील.

१ जुलै २००८ रोजी भारताने नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र सुरू केले. त्याचे काम गोव्यातील वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. डिसेंबर २०२३ पासून तेथे भर हिवाळ्यातही भारतीय संशोधक राहू लागले. ७९ अंश उत्तरेला सूर्य महिनोन्महिने उगवत नाही आणि परतताना क्षितिजाखाली राहून दिवसेंदिवस नुसता उजेड फिरवीत राहतो. टिळकांनी जी उषा केवळ सूक्तांतून आणि प्रवासवर्णनांतून पाहिली, ती आता आपली माणसे डोळ्यांनी पाहतात आणि त्याच वेळी तेथील खाडीतला गाळ नळीत भरतात. विद्यार्थ्यांना 'आर्क्टिक होम' वाचायला द्यावा, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. तो निष्कर्षासाठी वाचू नये. शब्दाला पुरावा पुरत नाही हे ओळखून शब्दाचा एवढा मोठा उपासक भूवैज्ञानिकाच्या दारात गेला, तेथील वाद समजून घेतला आणि मग बोलला, हे पाहण्यासाठी वाचावा. त्याने ज्या साक्षीदाराला बोलावले, त्याने पुढे साक्ष फिरवली. खटला त्यामुळे हरला असेल. साक्षीदार बोलावण्याची पद्धत हरलेली नाही.